थ्रेडलेस : टी-शर्टवरचे चित्र मांडायला शिकवणारी जागा

टी-शर्टसाठी चित्र काढणाऱ्या माणसाला आपले काम विकायला ठेवण्यासाठी आज संकेतस्थळांची वाण नाही. मात्र ते काम अंगावर घालण्याजोगे आहे की नाही हे अनोळखी माणसांकडून, कोणताही मुलाहिजा न ठेवता ऐकायला मिळेल अशा जागा फार थोड्या आहेत. शिकागोच्या थ्रेडलेस या संकेतस्थळाचे नाव या व्यवसायात अजूनही आदराने घेतले जाते ते प्रामुख्याने या दुसऱ्या कारणासाठी. पहिल्या कारणासाठी, म्हणजे विक्रीसाठी, तिथे जाणाऱ्यांनी अपेक्षा जरा बेताच्या ठेवाव्यात. या परीक्षणात विचार केला आहे तो चित्रकाराच्या बाजूने. तिथून केवळ शर्ट विकत घेणाऱ्या ग्राहकाचे प्रश्न वेगळे आहेत आणि त्यांना येथे ओझरता स्पर्श केला आहे.

थ्रेडलेसची सुरुवात २००० साली झाली. जेक निकेल आणि जेकब डीहार्ट या दोन तरुणांनी प्रत्येकी ५०० डॉलर घालून हा उद्योग उभा केला. त्याची रीत सांगायला सोपी होती. कोणीही टी-शर्टसाठी चित्र पाठवावे, संकेतस्थळावर येणाऱ्या लोकांनी आठवडाभर त्याला गुण द्यावेत, आणि भरघोस गुण मिळालेल्या चित्रांतून कंपनीने काही निवडून छापावीत. चित्रकाराला बक्षिसाची रक्कम मिळे, कंपनीला माल छापण्यापूर्वीच मागणीचा अंदाज येई. गुण देताना ‘हा मी विकत घेईन’ अशी खूण करण्याची सोयही पूर्वी होती. गुणांपेक्षा ही खूण मला अधिक बोलकी वाटते, कारण आवडणे आणि अंगावर घालावेसे वाटणे यांत मोठे अंतर असते. २००६ साली ‘वायर्ड’ मासिकात जेफ हाऊ यांनी ‘क्राउडसोर्सिंग’ (म्हणजे एखादे काम अनोळखी लोकांच्या मोठ्या समूहाकडून करून घेणे) हा शब्द रूढ केला, आणि या पद्धतीची चर्चा करताना थ्रेडलेसचे उदाहरण पुढे वारंवार दिले जाऊ लागले. हार्वर्ड बिझनेस स्कूलने २००८ मध्ये त्यावर अभ्यासप्रकरणही (केस स्टडी) तयार केले. व्यवस्थापनशास्त्राच्या अभ्यासकांना त्यात उत्पादन आणि मागणी यांचा मेळ दिसला. चित्रकारांना दिसले ते एवढेच, की कलाशिक्षण, ओळखी किंवा राहण्याचे शहर यांचा विचार न होता काम पाहिले जाते.

या जागेचे खरे सामर्थ्य माझ्या मते तिने घातलेल्या मर्यादांत होते. सुरुवातीची बरीच वर्षे छपाई स्क्रीन प्रिंटिंगने, म्हणजे चौकटीवर ताणलेल्या जाळीतून (स्क्रीनमधून) शाई कापडावर दाबून, होत असे, आणि चित्रात किती रंग वापरावेत यावर बंधन असे. आपल्याकडे ज्यांनी गणेशोत्सव मंडळाचे किंवा महाविद्यालयाच्या महोत्सवाचे शर्ट छापून घेतले आहेत त्यांना यामागचे कारण सांगावे लागणार नाही. प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र पॉझिटिव्ह (त्या रंगापुरत्या चित्राची पारदर्शक फिल्म) काढायची, ती स्वतंत्र स्क्रीनवर एक्स्पोज करायची, म्हणजे प्रकाश पाडून उतरवायची, आणि छापताना सर्व स्क्रीन एकमेकांवर अचूक बसवायच्या. एखादा रंग केसभर सरकला तरी कडेला कापडाची फट दिसते. ती दिसू नये म्हणून जवळजवळच्या दोन रंगांची कड थोडी एकमेकांवर चढवून ठेवावी लागते. गडद कापडावर छापायचे असेल तर आधी पांढऱ्या शाईचा थर द्यावा लागतो, नाहीतर पिवळा मळकट आणि लाल तपकिरी दिसतो. म्हणजे काळ्या शर्टावरचे तीन रंगांचे चित्र प्रत्यक्षात चार स्क्रीनचे असते. हे सगळे माहीत असलेला चित्रकार कागदावर पहिली रेघ ओढण्यापूर्वीच हिशेब करू लागतो.

त्या हिशेबातून एक फार चांगली सवय लागते, ती म्हणजे कापडाचा रंग हाही चित्रातला एक रंग मानण्याची. गडद निळ्या शर्टावर रात्रीचे आकाश रंगवायला शाई लागतच नाही; चांदणे आणि खिडक्यांतला उजेड तेवढा छापायचा, बाकीचे काम कापड करते. पांढऱ्या शर्टावरच्या बगळ्याला पांढरी शाई नको, त्याच्याभोवतीचे पाणी आणि लव्हाळे छापले की बगळा आपोआप उभा राहतो. थ्रेडलेसवर वाखाणल्या गेलेल्या कित्येक चित्रांत ही मोकळ्या जागेची किमया आढळते. ती जमली की शाई कमी लागते, छपाईचा पापुद्रा छातीवर कडक बसत नाही, आणि शर्ट धुतल्यावर तडे जाण्याची शक्यताही घटते. सौंदर्य आणि सोय यांची अशी गाठ पडलेली फार कमी क्षेत्रांत पाहायला मिळते. उलट, संगणकावर मोठ्या चौकोनी पटलावर रंगवलेले, चारही बाजूंनी कापलेले आणि छातीच्या मध्यभागी तसेच चिकटवलेले चित्र कितीही सुंदर असले तरी भिंतीवरून काढून शर्टावर टांगल्यासारखे दिसते. तिथले अनुभवी सभासद अशा चित्राला पहिल्या प्रतिक्रियेतच पकडतात, आणि ते योग्यच आहे.

आता मांडणीविषयी, कारण या जागेवरून नवख्याने शिकावे असे सर्वांत जास्त तिथेच आहे. गुण देणारा माणूस एका बैठकीत पुष्कळ चित्रे पाहतो. आपले चित्र त्याच्यासमोर प्रथम येते ते अंगठ्याच्या नखाएवढ्या आकारात. त्या आकारात मुख्य आकृती ओळखू आली नाही तर पुढच्या बारकाव्यांना संधीच मिळत नाही. म्हणून मांडणीत तीन गोष्टी नीट दिसाव्यात अशी अपेक्षा मी ठेवतो. शर्टावर चित्र कुठे आणि केवढे बसते, चित्राचा एखादा तुकडा जवळून कसा दिसतो, आणि एकूण किती रंग कोणत्या कापडावर आहेत. याहून अधिक सजावट बहुधा घातकच ठरते. शर्ट घालून धुक्यात उभी असलेली तरुणी, मागे पडकी भिंत, शेजारी चित्रविषयाची प्रस्तावना करणारा परिच्छेद, अशा मांडण्या एके काळी तिथे भरपूर येत आणि पुष्कळदा त्या चित्राचा दुबळेपणा झाकण्यासाठीच केलेल्या असत. छायाचित्रातल्या घड्या, सावल्या आणि पोत यांमुळे सपाट चित्रालाही खोली आल्याचा भास होतो. छापून आल्यावर त्यातले काहीच शिल्लक राहत नाही. काही जाणकार चित्रकार याच कारणासाठी सपाट, साध्या आराखड्यावरच चित्र दाखवत, आणि मला त्यांची बाजू पटते.

शीर्षक हाही मांडणीचाच भाग आहे, आणि तिथे त्याला विलक्षण महत्त्व असते. टॉम बर्न्स यांचा ‘द कम्युनिस्ट पार्टी’ हा शर्ट हे त्याचे सर्वांत गाजलेले उदाहरण. मार्क्स, लेनिन, स्टालिन, माओ आणि कॅस्ट्रो चक्क मेजवानीच्या रंगात आले आहेत, एवढीच त्यातली कल्पना. चित्र पाहताच हसू येते आणि शीर्षक वाचल्यावर ते दुणावते, मात्र शीर्षक झाकून ठेवले तरी चित्र लंगडे पडत नाही. ब्रिटनच्या ऑली मॉस यांच्या ‘स्पॉइल्ट’ या शर्टाचा प्रकार वेगळा आहे. अनेक गाजलेल्या चित्रपटांची शेवटची रहस्ये त्यावर एकत्र फोडलेली आहेत, आणि तो घालून फिरणे हाच एक खट्याळपणा होऊन बसतो. घालणाऱ्याला काहीतरी करायला लावणारा शर्ट, असे त्याचे वर्णन करता येईल. मॉस पुढे चित्रपटांच्या भित्तिपत्रकांसाठी प्रसिद्ध झाले. न्यूझीलंडच्या ग्लेन जोन्स यांची चित्रे तिथे इतक्यांदा छापली गेली की त्यांनी नंतर स्वतःच्याच नावाने टी-शर्टचा व्यवसाय काढला. जोन्स यांच्या कामात सपाट रंग, स्वच्छ बाह्यरेषा आणि एका दृष्टिक्षेपात कळणारी गंमत असते. तिथे यशस्वी होणाऱ्या कामाचा तो जणू नमुनाच म्हणावा लागेल.

गुणदानाच्या पद्धतीचा दोषही नेमका येथेच उघड होतो. अनोळखी माणूस काही क्षणांत गुण देणार असेल तर चटकन कळणारा विनोद जिंकतो आणि सावकाश उलगडणारे चित्र मागे पडते. परिणामी दीर्घकाळ तिथे चतुर कल्पनांचे पीक आले, इतके की माणसासारखे वागणारे खाद्यपदार्थ आणि चिडलेले प्राणी पाहून कंटाळा यावा. मित्रमंडळींना गोळा करून गुण मिळवण्याचा मोह कोणत्याही मतदानाला असतो तसा इथेही आहे. शेवटची निवड गुणांच्या जोडीने कंपनीची माणसे करत असल्यामुळे त्याला काही प्रमाणात आळा बसतो. मात्र त्याच कारणाने भरपूर गुण मिळालेले चित्र का छापले गेले नाही याचे उत्तर चित्रकाराला दर वेळी मिळेलच असे नाही.

मराठी चित्रकारापुढे याहून वेगळी एक अडचण उभी राहते. देवनागरी अक्षरांना टी-शर्टावर फार छान जागा आहे. शिरोरेषेमुळे शब्दाला वरून एक सरळ कड मिळते, ती छातीवर आडवी सुरेख बसते आणि खालच्या बाजूला उकार, जोडाक्षरे यांना हवे तसे लोंबू देता येते. मुंबईच्या एक टाइप या संस्थेने ‘मोदक’सारखा गलेलठ्ठ देवनागरी टंक (फॉन्ट) करून या लिपीत किती खेळकरपणा आहे ते दाखवून दिले आहे. परंतु जगभरातून गुण देणाऱ्या बहुसंख्य लोकांना ही लिपी वाचता येत नाही. त्यांच्या दृष्टीने अक्षर म्हणजे फक्त आकार. अशा ठिकाणी मराठी म्हण किंवा कोटी पाठवली तर तिचा अर्थ खुलाशात सांगावा लागतो, आणि खुलासा करावा लागणारा विनोद तिथे तग धरत नाही. माझा सल्ला असा, की अक्षरांचे काम स्वतःच्या दुकानासाठी राखून ठेवावे आणि स्पर्धेला शब्दांवाचून चालणारे चित्र पाठवावे.

आणखी एक मोह टाळावा. परदेशी प्रेक्षकाला ‘आपले’ काहीतरी दाखवायचे म्हणून वारली आकृत्या उचलून त्यांना स्केटबोर्डवर चढवणे किंवा त्यांच्या हाती गिटार देणे हा प्रकार फार बोकाळला आहे. वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, आणि ती जपणारी माणसे पालघर जिल्ह्यात आजही ती चित्रे काढत आहेत. त्यांच्या त्रिकोणी आकृत्या इतरांनी आपल्या नावावर गुणांसाठी मांडाव्यात हे मला अप्रशस्त वाटते. शिवाय चित्र म्हणूनही अशी कामे बहुधा पोकळ असतात, कारण वारली चित्रात आकृतींच्या रांगेला आणि फेराला जो अर्थ असतो तो एक आकृती सुटी काढली की नाहीसा होतो.

प्रतिक्रियांचा दर्जा हा अशा समूहाचा कणा असतो, आणि थ्रेडलेसच्या भरभराटीच्या काळात तो उत्तम होता. ‘छान आहे’ म्हणणारे पुष्कळ असले तरी डाव्या हाताचा अंगठा उलटा आला आहे, दुसरा आणि तिसरा रंग एकमेकांना इतके जवळ आहेत की एक सहज वाचवता येईल, चित्र दोन बोटे वर घ्या म्हणजे पोटावर येणार नाही, असे नेमके सांगणारेही भेटत. ज्यांच्या आसपास कोणी व्यावसायिक चित्रकार नाही अशा गावातल्या मुलाला किंवा मुलीला याची किंमत फार मोठी होती. आज समाजमाध्यमांवर चित्र टाकले की हृदये मिळतात, दुरुस्त्या मिळत नाहीत.

पुढे थ्रेडलेसने आर्टिस्ट शॉप्स ही योजना आणली आणि जागेचे स्वरूप बदलले. चित्रकार आपले स्वतंत्र दुकान मांडतो, चित्रे चढवतो, प्रत्येक वस्तूच्या मूळ किमतीवर आपला नफा ठरवतो. छपाई, पाठवणी आणि ग्राहकाच्या तक्रारी कंपनी सांभाळते. मागणी आल्यावर एकेक नग छापला जात असल्याने माल पडून राहण्याची भीती नाही. रंगांचे बंधनही बहुतांशी गेले, कारण अशी छपाई प्रामुख्याने डीटीजी पद्धतीने, म्हणजे कागदाच्या प्रिंटरप्रमाणे थेट कापडावर शाई फवारून होते. हे सारे सोयीचे आहे यात शंका नाही. मात्र कोणाच्याही गुणांची चाळणी न लागता चित्र थेट विक्रीला जाऊ शकते, त्यामुळे ते कच्चे असताना कोणी अडवत नाही. विषय देऊन घेतल्या जाणाऱ्या स्पर्धा ही उणीव थोडीफार भरून काढतात, पण दुकान आणि शाळा एका छपराखाली आल्यावर गर्दी दुकानातच होणार हे उघड आहे.

डीटीजीसाठी फाइल तयार करताना जी काळजी घ्यावी लागते ती स्क्रीन प्रिंटिंगहून निराळी आहे, आणि तिच्याविषयी पुरेसे बोलले जात नाही. बारा बाय सोळा इंचांचे चित्र दर इंचाला ३०० बिंदूंनी छापायचे तर फाइल ३६०० बाय ४८०० पिक्सेलची हवी. लहान फाइल ओढून मोठी केली तर कडा दातेरी होतात. पार्श्वभूमी पारदर्शक ठेवावी. सर्वांत फसवी गोष्ट म्हणजे अर्धपारदर्शक कडा. पडद्यावर मऊ सावली, धूसर प्रकाशवलय किंवा धूर मोहक दिसतो, पण गडद कापडावर यंत्र त्याच्याखाली पांढऱ्या शाईचा थर देते आणि त्या मऊ कडेभोवती फिकट, भुरकट किनार उमटते. उपाय जुनाच आहे : छटा हवी असेल तर ती ठिपक्यांनी दाखवावी, म्हणजे प्रत्येक ठिपका पूर्ण शाईचा राहतो आणि मधून कापड दिसते. स्क्रीन प्रिंटिंगच्या काळात शिकलेली माणसे हे आपसूक करतात. पडद्यावरचा झगझगीत हिरवा किंवा फ्लोरोसंट गुलाबी कापडावर तसाच उतरेल अशी आशाही धरू नये. डीटीजीच्या नेहमीच्या शायांतून ते रंग निघत नाहीत, स्क्रीन प्रिंटिंगमध्ये मात्र खास शाई घेऊन निघतात.

दुकानात तेच चित्र कॉफीचा मग, उशी, मोबाइलचे कव्हर आणि शॉवरचा पडदा यांवर चढवण्याची सोय आहे. तिचा सरसकट वापर करू नये. छातीच्या आकारासाठी रचलेले उभे चित्र मगच्या आडव्या पट्टीवर केविलवाणे दिसते, आणि असे केविलवाणे नमुने दुकानात शेजारी शेजारी लागले की चांगला शर्टही स्वस्त वाटू लागतो.

पैशांचे गणित भारतातल्या चित्रकाराने शांतपणे मांडावे. दुकानाची विक्री डॉलरमध्ये होते आणि रक्कम पेपालमार्फत येते. रुपयांत रूपांतर होताना त्यातली काही कापली जाते. ग्राहक अमेरिकेत असेल तर व्यवहार सुरळीत होतो. भारतातल्या मित्राने तोच शर्ट मागवला तर टपालखर्च आणि सीमाशुल्क धरून तो इतका महाग पडतो की विकत घ्या म्हणायला जीभ रेटत नाही. इथल्या ग्राहकासाठी इथलाच छापणारा गाठावा. चांगल्या १८० जीएसएमच्या (म्हणजे चौरस मीटरला १८० ग्रॅम वजनाच्या कापडाच्या), बायोवॉश केलेल्या (एन्झाइमने धुऊन मऊ केलेल्या) राउंड नेक शर्टावर स्थानिक स्क्रीन प्रिंटर उत्तम काम करून देतो, फक्त प्रत्येक रंगाच्या स्क्रीनचा खर्च सुरुवातीलाच पडत असल्यामुळे नग बऱ्यापैकी असावे लागतात. थ्रेडलेससारख्या दुकानाचा मराठी चित्रकाराला खरा उपयोग आहे तो परदेशातल्या मराठी माणसांसाठी. न्यू जर्सीतल्या किंवा शिकागोतल्या महाराष्ट्र मंडळातल्या दहा जणांना देवनागरी अक्षरांचे शर्ट हवे असतील तर त्यांना पुण्याहून खोके पाठवण्यापेक्षा दुकानाचा दुवा पाठवणे कितीतरी सोपे आहे, आणि अकरावा माणूस महिन्याने जागा झाला तरी त्याच्यासाठी नव्याने स्क्रीन लावावी लागत नाही.

पर्यायांबद्दल थोडक्यात. २००६ साली मेलबर्नला सुरू झालेल्या आणि २०१८ मध्ये टीपब्लिक हे तशाच प्रकारचे संकेतस्थळ विकत घेणाऱ्या रेडबबलचा पसारा फार मोठा आहे, परंतु ते बाजारपेठ आहे. तिथे शोधशब्द नीट लावणाऱ्याचे फावते आणि चित्रावर चर्चा अशी होत नाही. क्वर्टी या संकेतस्थळावर ठरावीक मुदतीपुरते शर्ट विकले जातात, त्यात लोकप्रिय चित्रपट-मालिकांवरच्या कल्पनांना झुकते माप असते. मुंबईची द सोल्ड स्टोअर भारतीय ग्राहकाला सोयीची आहे, पण तिचा भर परवाना घेतलेल्या पात्रांवर आहे.

ज्याला महिन्याचा खर्च टी-शर्टांवर चालवायचा आहे त्याने केवळ थ्रेडलेसवर विसंबू नये; ज्याला चित्र कापडासाठी कसे रचावे हे शिकायचे आहे त्याने तिथल्या जुन्या, छापल्या गेलेल्या चित्रांपासून सुरुवात करावी आणि प्रत्येकात किती रंग आहेत ते मोजत जावे. स्वतःचे दुकान मांडल्यावरही पहिल्या काही चित्रांना तीनच रंगांची मर्यादा घालून घ्यावी, कापडाचे पर्याय दोन किंवा फार तर तीन ठेवावेत, आणि विक्री जाहीर करण्यापूर्वी एक नग स्वतः मागवून, तो पाच-सहा वेळा धुऊन, मगच नफ्याचा आकडा ठरवावा.